मिनिमाईझ करून बघितलास का बे?

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी खिडकी मोठी केली आणि माझी चादर गेली. म्हणजे चादरीची नक्षी. जावाच्या मिनी प्रोजेक्टसाठी केलेल्या पेंट प्रोग्रॅमात तासभर माउस ओढून काढली होती. स्क्रीन पांढरीफटक. सर म्हणाले, "कुठं गेलं?" मी म्हणालो, "सर, आत्ता तर होतं." त्यावर ते काही बोलले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मशीनकडे गेले.

असा प्रोग्रॅम यंदा ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांच्यासाठी लिहितोय. जेफ्रेम (खिडकी), जेपॅनेल (तिच्यातली चित्राची जागा), माउस लिसनर (माउसची हालचाल ऐकणारा कोड) तुम्हाला येतं असं धरून चालतो.

माझी चूक एका ओळीची होती. माउस हलला की पॅनेलकडून गेटग्राफिक्सने ग्राफिक्स (चित्र काढायचा ब्रश समजा) मागून घ्यायचा आणि तिथल्या तिथे ड्रॉलाइन. रेघ लगेच उमटते, आणि घात तिथेच होतो. उमटली नसती तर पहिल्याच दिवशी शोधलं असतं. त्यात विंडोज १० प्रत्येक खिडकीचं चित्र स्वतःकडे जपून ठेवते, त्यामुळे दुसरी खिडकी वरून ओढून नेली तरी रेघा जागच्या जागी. मला वाटलं, पक्कं काम झालं. खिडकी लहान-मोठी करून मी एकदाही बघितली नव्हती. परीक्षेनंतर सोलापुरात सात रस्त्याजवळच्या चहाच्या गाडीवर एका सीनियरला सगळं रडगाणं ऐकवलं, तर त्याने बशीतून मान वर न करता विचारलं, "मिनिमाईझ करून बघितलास का बे?"

उत्तर त्याने सांगितलं नाही. राग आला होता तेव्हा. पण पेनड्राइव्हवर तयार प्रोजेक्ट देणारे सीनियर पैशाला पासरी मिळतात, आणि एक बरोबर प्रश्न विचारणारा चार वर्षांत एखादा भेटतो, असं माझं मत आहे.

उत्तर सापडलं घरात. आम्ही पूर्व भागातले, वडील जॅकार्डच्या मागावर. चादरीवरचा मोर आधी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढतात. त्या चौकोनांवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. कार्डावर जिथे भोक, तिथला उभा धागा उचलला जातो. आडवा धागा घेऊन धोटा गेला की पुढचं कार्ड येतं. कार्डांची माळ शाबूत असली की चादर फाटू दे, जळू दे, विकली जाऊ दे, मोर पुन्हा विणता येतो. मी काय केलं होतं? कार्डं न करताच थेट कापडावर मोर काढला होता.

स्क्रीन हे कापड आहे. तिच्या लक्षात काही राहत नाही. खिडकीचा आकार बदलला, ती मिनिमाईझ करून पुन्हा उघडली, की स्विंग (जावाची खिडक्या-बटणं सांभाळणारी लायब्ररी) तुमच्या पॅनेलच्या पेंटकॉम्पोनंट या चित्र काढणाऱ्या मेथडला हाक मारून म्हणतं, "आता सगळं पहिल्यापासून काढ." तुमच्या रेघा त्या मेथडमध्ये नसतील तर त्या कधी काढल्याच नव्हत्या असं समजा. पुन्हा सांगतो, कारण मला हे तीनदा वाचूनही कळलं नव्हतं: रेघ काढायची नाही, लक्षात ठेवायची. काढायचं काम एकट्या पेंटकॉम्पोनंटचं.

म्हणजे एक अ‍ॅरेलिस्ट घ्या. माउस दाबला की सुरुवातीचा बिंदू धरा. ओढताना शेवटचा बिंदू बदलत राहा आणि रिपेंट म्हणा, म्हणजे स्विंगला पुन्हा काढायला सांगा. सोडला की ती रेघ, रंगासकट, यादीत टाका. पेंटकॉम्पोनंटमध्ये पहिली ओळ सुपरची (super.paintComponent(g), ती आधी जुनं पुसते), मग यादीतली प्रत्येक आकृती क्रमाने, शेवटी सध्या ओढली जाणारी. संपलं. अनडू तर जवळपास फुकट मिळतं. यादीतली शेवटची आकृती काढून टाका, रिपेंट करा. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "मागावर असं बटण असतं तर!"

सुपरची ओळ विसरलात तर जुनं चित्र पुसलं जात नाही. मग एक रेघ ओढताना तिच्या शंभर सावल्या हातपंख्यासारख्या पसरतात. घाबरू नका, ती अर्ध्या मिनिटाची दुरुस्ती आहे.

जुगाड मात्र करू नका. मी केलेत. आधी टायमर लावून दर अर्ध्या सेकंदाला गेटग्राफिक्सनेच पुन्हा काढत बसलो. चित्र गड्ड्याच्या जत्रेतल्या लाइटिंगसारखं लुकलुकायला लागलं. मग शहाणपणा करून पेंटकॉम्पोनंटच्या आतच रिपेंट लिहिलं. ते स्वतःलाच हाका मारत बसलं आणि एप्रिलच्या उन्हात लॅपटॉपचा पंखा माग चालावा तसा घरघरत राहिला. व्हिडिओ बघून उचललेला कोड चालला म्हणजे बरोबर असतोच असं नाही. त्या व्हिडिओतही खिडकी कुणी मोठी केली नव्हती.

बाकीचे त्रास किरकोळ आहेत. खिडकी उघडल्यावर कोरीच दिसते? बहुतेक सेटव्हिजिबल आधी आणि अ‍ॅड नंतर लिहिलंय. गेटविड्थ शून्य देतं? कन्स्ट्रक्टरमध्ये विचारलं असेल, तेव्हा पॅनेलला अजून आकारच मिळालेला नसतो. चौकोन उजवीकडे खाली ओढला की दिसतो, डावीकडे वर ओढला की नाही? रुंदी-उंची उणे होते आणि जावा तसा चौकोन काढत नाही. कोपरा मॅथ-मिनने घ्या, लांबी मॅथ-अ‍ॅब्सने.

पेन्सिलने भरभर लिहिलं की ठिपके ठिपके पडतात, याने मात्र मी दोन दिवस हैराण होतो. माउस ज्या ज्या पिक्सेलवरून जातो त्या प्रत्येकाची बातमी प्रोग्रॅमला मिळत नाही, मधले बिंदू गळतात. म्हणून नुसता बिंदू न काढता मागच्या बिंदूपासून नव्यापर्यंत रेघ जोडायची. अशा हजारो रेघा साठून प्रोग्रॅम जड झाला तर त्या एका बफर्डइमेजवर, म्हणजे मेमरीतल्या चित्रावर, काढा आणि पेंटकॉम्पोनंटमध्ये ती इमेज तेवढी चिकटवा. फक्त मग सुटी रेघ मागे घेता येत नाही, हे आधीच ठरवून घ्या.

हे सगळं बरोबर लिहूनही काहीच दिसलं नाही तर पेंटकॉम्पोनंटमधला सी मोठा आहे का बघा. छोटा सी लिहिला तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. त्याला वाटतं तुम्ही नवीनच मेथड लिहिलीय, आणि तिला कुणीच बोलवत नाही. वर अ‍ॅट-ओव्हरराइड (ही आधीपासून असलेलीच मेथड आहे, हे सांगणारी खूण) लिहिलंत तर तो लगेच एरर देतो. माझी एक अख्खी संध्याकाळ त्या एका सीने खाल्ली.