मूक शटर आणि भिंतीवरचे पट्टे

एखाद्या जुन्या दालनात शिरले की माझी नजर आधी छताकडे जाते. नक्षीकडे नाही, दिव्यांकडे. ट्यूबलाइट आहेत का, असल्या तर जुन्या चोकच्या की नव्या? सोबतच्या माणसाला वाटतं ही वास्तुकलेत रमली. मी खरं तर घाबरलेली असते.

छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळात मला एक काम मिळालं होतं. शहरातल्या सात सार्वजनिक इमारती आतून टिपायच्या होत्या: वाचनालय, नाट्यगृह, टाउन हॉल, संग्रहालय, असं सगळं. फोटो प्रदर्शनात मोठ्या आकारात लागणार होते. वाचनालयाच्या अटी तीन. ट्रायपॉड नको, फ्लॅश नको, आवाज नको. मी म्हटलं, सोपं आहे. कॅमेरा मूक शटरवर, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर टाकला, हातातून मारायचं म्हणून शटरचा वेग १/६० सेकंद ठेवला आणि दोन तासांत दोनशेच्या वर फोटो काढले. कुणी मान वर करून पाहिलंही नाही. भारी वाटलं होतं.

घरी मोठ्या पडद्यावर उघडले तर भिंतींवर पट्टे. एक फिकट, एक गडद, एक फिकट, एक गडद, आणि गडद पट्ट्याला पिवळसर झाक. उभ्या फोटोंत तर पट्टेही उभे, त्यामुळे पहिला अर्धा तास मी ती खांबांची सावली समजत होते. मग लक्षात आलं की खांब नसलेल्या भिंतीवरही तेच आहे.

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळ्या चुका एडिटिंगमध्ये थोड्याफार सावरता येतात, ही जवळजवळ नाही. घरात येणारी वीज ५० हर्ट्झची असेल तर जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला ते कळत नाही. मूक शटर मात्र सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, एकदम वाचत नाही, एका कडेपासून दुसरीपर्यंत ओळीओळीने वाचतं. समजा त्याला १/२० सेकंद लागतो. तेवढ्यात दिवा पाच वेळा मंद-प्रखर झालेला असतो. म्हणजे फोटोत पाच उजळ पट्टे आणि पाच गडद. पिवळसर झाक येते ती वेगळ्या कारणाने: ट्यूबमधल्या वेगवेगळ्या रंगांच्या पावडरी वेगवेगळ्या वेगाने विझतात, त्यामुळे दिवा मंदावताना त्याचा रंगही बदलतो.

उपाय आकड्यांत आहे. प्रत्येक ओळीला दिव्याची मंद-प्रखर होण्याची पूर्ण आवर्तनं मिळाली पाहिजेत. १/१०० मध्ये एक पूर्ण, १/५० मध्ये दोन पूर्ण, १/२५ मध्ये चार. सगळ्या ओळी सारख्या उजळतात, पट्टे गायब. माझ्या १/६० मध्ये एक पूर्ण आणि वर दोन-तृतीयांश, आणि त्या दोन-तृतीयांशाने घात केला. १/५० आणि १/६०, कॅमेऱ्याच्या चाकावर एका टिचकीचा फरक! ६० हर्ट्झच्या देशात नेमकं उलटं, तिथे १/६० आणि १/१२० बरोबर. जपानमध्ये तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०, म्हणजे एकाच देशात रेल्वेने प्रवास करून सेटिंग बदलावं लागतं.

‘मग वेग वाढवते’ हा विचार मनात आला तर तिथेच थांबा. १/१०० च्या पुढे वेग वाढवला की पट्टे आणखी ठळक होतात. याचा फायदा एकच, चाचणीसाठी. दालनात गेल्यावर मूक शटरवर १/१००० ने पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि झूम करून बघा. भिंत स्वच्छ दिसली तर दिवे चांगले. पट्टे दिसले तर मूक शटर बंद करा. साधं यांत्रिक शटर १/६० ला सगळा सेन्सर जवळपास एकाच वेळी उघडा ठेवतं, म्हणून तिथे ही भानगड होत नाही. एलईडी दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. डिमरवरचे काही एलईडी याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात, पट्टे बारीक आणि दाट येतात.

आणि ब्रॅकेटिंग, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजळ टिपून नंतर एकत्र करणं. खिडकी पांढरीफटक होऊ नये म्हणून मी १/१५, १/६०, १/२५० असे तीन-तीन फोटो घेतले होते. पहिला जवळपास स्वच्छ, दुसऱ्यात पट्टे, तिसऱ्यात खणखणीत पट्टे. तिन्ही एकत्र केल्यावर पट्टे छान मिसळून सगळीकडे पसरले. ट्रायपॉड असता आणि शटर एक-दोन सेकंद उघडं ठेवता आलं असतं, तर शंभर-दोनशे आवर्तनांत हे सगळं बुजून गेलं असतं. म्हणून आता मी परवानगीच्या अर्जात ट्रायपॉडचं पहिल्या ओळीत लिहिते. नकार आलाच तर रबरी बुडाचा छोटा स्टँड टेबलावर ठेवू द्याल का, असं विचारते. बऱ्याचदा हो म्हणतात.

मूक शटर नेहमी चालू ठेव, हा सल्ला मला एका अनुभवी छायाचित्रकाराने दिला होता. ते लग्नं छान टिपतात. पण गुरू निवडताना त्यांचे फोटो किती सुंदर आहेत यापेक्षा ते कुठल्या खोलीत उभे राहून काढलेत हे बघा. पट्ट्यांचं खरं कारण मला कुठल्या कार्यशाळेत कळलं नाही. त्याच इमारतीच्या वायरमनने सांगितलं. ‘ह्या जुन्या चोकच्या आहेत मॅडम, लुकलुकणारच. पलीकडच्या हॉलमध्ये इलेक्ट्रॉनिक बसवलेत, तिकडे बघा.’ पलीकडे खरंच एकही पट्टा नव्हता. तेव्हापासून परवानगीपत्रावर सही कुणाचीही असो, मी आधी वायरमन आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या शिपायाला भेटते. दिवे बंद करून फक्त खिडकीचा उजेड ठेवणं त्यांच्याच हातात असतं, आणि दिवसाचा निळा उजेड व दिव्यांचा पिवळा यांची खिचडी टाळायचा दुसरा बरा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

बाकी थोडक्यात. उभ्या रेषा उभ्याच ठेवा. कॅमेऱ्याचं तोंड वर करून छत पकडू नका, मागे सरका. एडिटिंगमधल्या तयार प्रीसेटच्या नादी लागू नका, ते खोलीचा रंग खातात. वाचत बसलेल्यांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो त्यांना न विचारता देऊ नका. भिंतीवरच्या चित्रांचे हक्क वेगळे असू शकतात. रस्त्यावरून बाहेरची बाजू टिपायची मोकळीक आतल्या भागाला लागू होईलच असं नाही. जर्मनीत ती फक्त बाहेरच्या दर्शनापुरती आहे.

हे वाचून कुणी मागे हटणार असेल तर थांबा. फ्रेडरिक इव्हान्स लंडनमधला पुस्तकविक्रेता. दुकान सोडून तो कॅथेड्रलांच्या मागे लागला, आणि १९०३ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या वेल्स गावच्या कॅथेड्रलचा तो झिजलेल्या पायऱ्यांचा जिना टिपला. पायऱ्या अक्षरशः लाटांसारख्या वर चढतात. जर्मन छायाचित्रकार कांडिडा हॉफर वाचनालयं आणि नाट्यगृहं टिपते ती तिथे असेल त्याच उजेडात, वेगळे दिवे न लावता. म्हणजे लागतो तो वेळ. तो तुमच्याकडेही आहे. मात्र वाचनालयात पुन्हा जायची परवानगी मागताना पोटात गोळा येतो, त्याला इलाज नाही.

मी गेले. या वेळी यांत्रिक शटर, १/५०. पहिल्याच ‘खटक’ला कोपऱ्यातल्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. चौथ्याला चष्मा काढला. सातव्याला हलकेच विचारलं, ‘झालं का?’

अजून पन्नासेक बाकी होते. मी मान डोलावली आणि ते जेवायला जाईपर्यंत दाराशी बसून राहिले.