गुलामगिरीचा धडा कधीही वठवून घेऊ नका

अमेरिकेत शिकवायला आलेल्या मराठी शिक्षकांनो, घर, बँक, लायसन्स याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. सोशल स्टडीज (म्हणजे इतिहास-नागरिकशास्त्र) मिळालं असेल तर मात्र हे वाचाच.

बी.एड.ला माझा नाट्यीकरणाचा पाठ सगळ्यांना आवडला होता. म्हणून इथे पहिल्याच वर्षी सातवीच्या वर्गात फरशीवर खडूने गुलामांच्या जहाजाचा आराखडा काढला आणि मुलांना त्यात दाटीवाटीने झोपवलं. काही जण खिदळायला लागले. एक कृष्णवर्णीय मुलगा उठला आणि पँटवरचा खडू झटकत राहिला, डाग गेल्यावरसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. आवाज न चढवता तिने विचारलं, "यातून माझा मुलगा काय शिकला?" मला उत्तर देता आलं नाही. त्या शाळेत पुढचा करार मिळाला नाही, आणि त्यात शाळेचं काही चुकलं नाही. जहाज नको, लिलाव नको, कसलंच सोंग नको.

त्याऐवजी मुलांना त्यांच्या वयाची माणसं भेटवा. मार्च 1955, अलाबामातलं माँटगोमेरी: 15 वर्षांची कृष्णवर्णीय क्लॉडेट कॉल्विन गोऱ्यांसाठी बसमधली जागा सोडत नाही, त्याच कारणावरून अटक झालेल्या प्रसिद्ध रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी. पार्क्सच्या अटकेनंतर 381 दिवस तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. रोज कामावर कसे गेले असतील, हे मुलांना नकाशावर शोधू द्या. तास कमी पडतो.

'निग्रो' हा आपल्या जुन्या पुस्तकांतला शब्द तोंडात येऊ देऊ नका. मराठीत बोलतानाही 'ते काळे' नको.

हा इतिहास शिकवण्याचे राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. अभ्यासक्रम आधी वाचा.

आपल्याच लोकांच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात) 'त्या वस्तीत', म्हणजे कृष्णवर्णीयांच्या, 'घर घेऊ नका' असं ऐकाल. मला त्याची चीड येते. 1965 पूर्वी अमेरिकेत स्थायिक व्हायला भारताचा कोटा वर्षाला जेमतेम 100 माणसांचा होता. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने देशाची हवा बदलली, म्हणून तो स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्याला दार उघडलं.

मुलं विचारतील, "तुमचा याच्याशी काय संबंध?" तेव्हा जोतिराव फुल्यांची अर्पणपत्रिका दाखवा. 1873 सालची 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं, "पुण्यात त्यांना हे कळलं कसं?" मग घंटा होईपर्यंत आम्ही त्याच प्रश्नावर असतो.