केअर सेंटर बघायला जाताय? मग रात्री जा

आत्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी हॉस्पिटलने सांगितलं, शनिवारी डिस्चार्ज. आत्या 81 वर्षांची, राहते तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही, आतेभाऊ बंगळुरात. म्हणजे निदान तीन महिने तरी केअर सेंटर. दोन वर्षांपूर्वी आईसाठी मी पुण्यात हेच शोधलं होतं आणि फार चुकीचं शोधलं होतं, त्याचे भोग आईने भोगले. म्हणून यावेळी आधी सगळं लिहून काढतेय, आतेभावासाठी आणि ज्याला लागेल त्याच्यासाठी.

स्वच्छता, उजेड, माणसं नीट बोलतात का, हे सगळे बघतातच, त्यावर मी काही लिहीत नाही.

आधी जागा कुठे ते ठरवा, आणि जो रोज जाणार त्याच्या घराजवळची बघा, ज्याची बाग छान आहे ती नाही. आम्ही आईला वाघोलीच्या पुढे ठेवलं, मोकळी हवा आहे, झाडं आहेत म्हणून. मी कोथरूडला. जायला दीड तास यायला दीड तास, पहिले आठ दिवस रोज गेले, मग दिवसाआड, मग शनिवार-रविवार. आईने ती झाडं कधी बघितलीच नाहीत, ती पलंगावर होती. झाडापेक्षा आपलं माणूस अचानक दारात उभं राहू शकतं याचा उपयोग जास्त, स्टाफलाही ते माहीत असतं.

आता मुख्य गोष्ट. रात्री जाऊन बघा. जागा ठरवायच्या आधी, डिपॉझिट द्यायच्या आधी, रात्री साडेदहा-अकराला जाऊन बघा. मी गेले नव्हते. मी तीन जागा बघितल्या आणि तिन्ही संध्याकाळी साडेचार-पाचला बघितल्या, तेच कुठल्याही केअर सेंटरचं सगळ्यात चांगलं रूप असतं, सगळ्यांचे केस विंचरलेले, पावडर लावलेली, खुर्चीत बसवलेलं, चहाचा वास, सिस्टर हजर, मॅनेजर हजर. सहा पेशंटमागे एक मावशी असं सांगितलं आणि मी मोजलं तर बरोबर होतं. दिवसाचं बरोबर होतं. रात्रीचं मी विचारलंच नाही. रात्री त्या मजल्यावर 19 पेशंट होते आणि एक मावशी, तीही सकाळपासून ड्यूटी करून थकलेली, पॅसेजमध्ये चटई टाकून झोपलेली.

आईला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता, डावी बाजू पूर्ण गेलेली, स्वतः कूस बदलता येत नव्हती. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर एकाच जागी दाब राहून जखमा (बेडसोअर) होतात, हे डॉक्टर डिस्चार्जच्या वेळी सांगतातच. दिवसा बदलत होते. रात्री नऊ ते सकाळी सहा आई एकाच कुशीवर, ओल्या डायपरमध्ये. तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी मी सिस्टरला म्हटलं जरा पाठ बघू द्या, तर माकडहाडावर वरून रुपयाच्या नाण्याएवढा काळसर डाग, मी बोट लावलं तर आतून मऊ. आत केवढी जखम होती ते ड्रेसिंगला घेतल्यावर कळलं. टाचेलाही सुरू झालेलं. त्याच रात्री अकराला मी परत गेले, न सांगता. आईच्या पलंगाला क्लिपबोर्ड लटकवलेला, कूस बदलल्याचा चार्ट. रात्री 12 ला डावी, 2 ला उजवी, 4 ला डावी, 6 ला उजवी, सगळ्यासमोर सही. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं. सहा वाजताची सही अकरालाच झालेली होती. मी तो कागद काढून घरी आणला, अजून फाइलला आहे.

ती जखम भरायला साडेचार महिने लागले. एअर बेड होता बरं का, आम्हीच विकत घेऊन दिलेला. फुगे असलेल्या त्या गादीने दाब इकडचा तिकडे होतो, पण म्हणून कूस बदलायचं सुटत नाही, आणि ती गादी मोटरवर चालते, रात्री आवाज येतो म्हणून कोणी प्लग काढला तर तेवढाही उपयोग नाही. हेही रात्रीच दिसतं.

तेव्हा रात्री कसं जायचं. आधी सरळ विचारा, मला रात्री अकराला दहा मिनिटं येऊन बसायचंय, चालेल का. पेशंट झोपलेले असतात, आत फिरू देणार नाहीत, ते ठीक आहे, त्यांचंही बरोबर आहे. पण पॅसेजमध्ये किंवा रिसेप्शनला बसूच देत नसतील तर ती जागा सोडा, पुढचं काही बघू नका. बसू दिलं तर बघा, मावशी किती आणि जाग्या किती. ज्या रात्रीला आहेत त्याच सकाळी पण होत्या का, हे मावशींनाच विचारा, मॅनेजरला नाही. बेल आहे का आणि ती पेशंटच्या चालत्या हाताला लागते का (आईची बेल डाव्या बाजूला होती!). कोणी हाक मारली तर किती वेळाने कोण उठतं. लघवीचा वास दिवसा फिनाइलने जातो, रात्री खरा कळतो. आणि अजून एक, रात्री दोनला त्यांच्या नंबरवर फोन लावून बघा. एकदाच, त्रास द्यायचा म्हणून नाही. कोणी उचलला तर विचारा आत्ता ड्यूटीवर कोण आहे. नाहीच उचलला तर तुमच्या माणसाला काही झालं तरी तुम्हाला सकाळीच कळणार.

पेशंटला नक्की काय काय लागतं ते जायच्या आधी कागदावर लिहा, नाहीतर ते "सगळं करतो" म्हणतात आणि आपण मान हलवतो. नाकातून नळी असेल तर फीड कोण देतं, सिस्टर की मावशी, आणि देताना व दिल्यावर अर्धा-पाऊण तास डोक्याची बाजू वर ठेवतात का, आडवं ठेवून दिलं तर छातीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर बदलायचं कोण करतं आणि तारीख कुठे लिहितात. इन्सुलिन असेल तर रात्रीचा डोस कोण देतं, परत रात्रच आली. विसरभोळेपणा असेल, रात्री उठून चालायला लागत असतील, तर दाराला काय सोय आहे, आणि बांधून ठेवतात का हे तोंडाने विचारा, लाजू नका. आत्याचं वेगळं आहे, तिला फिजिओ हवा, रोज, वॉकरवर उभं करायला. "फिजिओ येतात" म्हणजे आठवड्यातून किती वेळा, त्याचे पैसे वेगळे का, पहिला आठवडा कोण येणार.

कागदपत्रं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल असंच डोक्यात असतं, पण आजारी माणसाला ठेवून घेऊन उपचार आणि नर्सिंग देणारी जागा 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात येते, पुण्यात ती नोंदणी महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे असते आणि सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं. ते भिंतीवर लावलेलं असायला हवं, तारीख वाचा. 2021 च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनदही लावायला हवी. नुसता वृद्धाश्रम म्हणून ट्रस्टवर चालवत असतील तर तिथे नळीवाला, कॅथेटरवाला पेशंट ठेवू नका, माणसं कितीही प्रेमळ असली तरी.

पैसे. आम्हाला महिना 28 हजार सांगितले आणि पहिलं बिल 41 हजारांचं आलं. डायपर, ग्लोव्हज, ड्रेसिंग, डॉक्टर व्हिजिट, फिजिओ, सगळं वेगळं. म्हणून दर विचारू नका, त्यांच्याकडच्या तशाच पेशंटचं मागच्या महिन्याचं बिल नाव झाकून दाखवा म्हणा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं, मध्येच हॉस्पिटलला न्यावं लागलं तर त्या दिवसांचं भाडं लागतं का, हे लेखी घ्या. मेडिक्लेमवर विसंबू नका, नुसता सांभाळ, विश्रांती, रिहॅब हे बहुतेक पॉलिसीत वगळलेलं असतं. 70 च्या पुढच्या सगळ्यांना सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं 5 लाखांचं कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो, ते काढून ठेवा, पण ते हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावर चालतं, केअर सेंटरच्या बिलाला नाही.

इमर्जन्सीला कुठल्या हॉस्पिटलला नेणार, कशातून नेणार, आणि तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कोण घेणार. डॉक्टर "ऑन कॉल" म्हणजे कुठे राहतात, रात्री किती वेळात पोचतात. आमच्याकडे डॉक्टर हडपसरला आणि सेंटर वाघोलीच्या पुढे, म्हणजे रात्री फोनवरच औषध. कृपा करून हे रात्रीच्या स्टाफला विचारा, दिवसाच्या नाही, कारण उत्तर वेगळं येतं. आमचं वेगळं आलं होतं.

लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का. फायरचा दुसरा जिना मोकळा आहे का की तिथे गाद्या रचल्यात, आणि रात्री त्या दाराची किल्ली कोणाकडे. भंडाऱ्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये जानेवारी 2021 मध्ये 10 बाळं गेली ती आग रात्रीच लागली होती. पुण्यात बरेचदा गुरुवारी पाणी बंद असतं, तेव्हा टाकी पुरते का, लाइट गेली तर एअर बेड आणि सक्शन (कफ ओढायचं मशीन) बॅकअपवर आहेत का.

जेवण एकदा जेवणाच्या वेळी बघा, भरवायला किती वेळ देतात ते. आत्याला भाकरी कुस्करून लागते, सांगून ठेवायचं.

न्यायच्या दिवशी डिस्चार्ज समरी, औषधांची यादी, आधारची झेरॉक्स, कपड्यांवर नाव, दागिने सगळे घरी. नेल्याबरोबर सिस्टरसमोर पाठ, टाचा, खुब्याचा टाका यांचे फोटो काढा, तारखेसकट. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला, आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, तिथेच पलंगापाशी करता येतो. तक्रार ऐकत नसतील तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

दोन जागा उरल्यात, एक वारज्याला एक धायरीला. वारजेवाल्यांनी रात्री नको म्हणून सांगितलं. धायरीला परवा रात्री पावणेअकराला जाऊन आले, एका मजल्यावर 11 पेशंट, दोन मावशी, एक आजोबांची कूस बदलत होती, दुसरीने मला खुर्ची दिली. चार्टवर रात्री दहापर्यंतच लिहिलेलं होतं, पुढचं कोरं. शनिवारी आत्याला तिथे नेतोय. रविवारी रात्री मी जाणार, सोमवारी रात्री आतेभाऊ, तो बुधवारपर्यंत इथे आहे.