मनिलाहून ताल गावाची एक दिवसाची ट्रिप: या चुका टाळा

मनिलाहून सकाळी निघून रात्री परत येता येईल असं जुनं गाव कोणी विचारलं तर मी डोळे झाकून ताल सांगते. पण तिथून बरेच जण हिरमुसून परततात आणि त्याचं कारण बहुतेक एकच असतं, ते तालला ज्वालामुखी बघायला गेलेले असतात.

अहो, ताल ज्वालामुखी वेगळा आणि बाटांगास प्रांतातलं ताल गाव वेगळं. तलावाच्या मधोमध ज्वालामुखी असलेले जे फोटो आपण बघतो ते बहुतेक टागायटायच्या डोंगरावरून काढलेले असतात. गाव पूर्वी तलावाकाठीच होतं, १७५४ च्या उद्रेकात त्याची वाट लागली म्हणून तर ते उचलून आताच्या जागी आणलं, त्यामुळे चौकात उभं राहून ज्वालामुखी शोधू नका. जुन्या चर्चचे अवशेष बघायचेच असतील तर तलावाकाठी सान निकोलासला जा. जानेवारी २०२० मध्ये ज्वालामुखी परत फुटला होता, त्यामुळे बोटीने बेटावर नेतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका आणि निघायच्या आधी फिव्होल्क्सची (ज्वालामुखींवर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) अलर्ट लेव्हल बघून घ्या.

दुसरी चूक म्हणजे टागायटाय आणि ताल एकाच दिवसात कोंबणं. मग गावाच्या वाट्याला बॅसिलिकासमोरचा एक सेल्फी येतो, बस. खरं तर ही सान मार्तिनची बॅसिलिका आशियातलं सगळ्यात मोठं कॅथलिक चर्च समजली जाते, आधीची इमारत १८४९ च्या भूकंपात पडली आणि आताचं बांधकाम १८५६ ला सुरू झालं. आत निवांत बसा, मान वर करून छत बघा. मास म्हणजे चर्चमधली प्रार्थना चालू असेल तर मात्र मधून फिरत फोटो काढू नका, गावकऱ्यांसाठी ते रोजचं देऊळ आहे.

सोमवारी जाऊ नका!! मार्सेला अगोन्सिलो आणि लिऑन अपासिबले यांच्या घरांत सरकारी म्युझियम आहेत आणि ती सोमवारी बंद असतात, मग ट्रिप निम्मी वाया. मार्सेला म्हणजे फिलिपिन्सचा पहिला झेंडा शिवणाऱ्या बाई. तो झेंडा याच घरात शिवला असं समजून लोक फोटो टाकतात, पण तो १८९८ ला हाँगकाँगमध्ये शिवला, मुलगी लोरेन्झा आणि फिलिपिन्सचे राष्ट्रीय नायक होसे रिझाल यांची भाची देल्फिना यांच्या मदतीने. बाकीची जुनी घरं खाजगी आहेत, कासा व्हिलाविसेन्सिओसारखं घर आतून बघायचं असेल तर आधी मेसेज करून वेळ ठरवा, तिकिटाचे पैसे न चुकता द्या. याच घराण्यातल्या ग्लिसेरिया मारेला बाईंनी क्रांतिकारकांना स्वतःचं जहाज देऊन टाकलं होतं. आत गेलात की खिडक्यांजवळ जा, काचेऐवजी छोट्या चौकटीत पातळ शिंपले बसवलेत, दुपारचं ऊन त्यातून दुधाळ होऊन लाकडी जमिनीवर पडतं. गोव्यातल्या जुन्या घरांत हेच शिंपले आहेत त्यामुळे आपल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं.

कायसासायच्या चर्चकडे जायला दगडी पायऱ्या आहेत, त्या भर दुपारी करू नका, उकाड्याने जीव जातो. सकाळी लवकर वरून खाली उतरा, वाटेत सांता लुसियाची विहीर लागते, आणि परत वर यायला ट्रायसिकल (बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल) करा, बसायच्या आधी भाडं विचारा आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा.

खाण्याबद्दल, जे शाकाहारी आहेत त्यांनी फक्त "नो मीट" म्हणून भागत नाही, भाजीत कोळंबीची पेस्ट किंवा फिश सॉस असतोच, त्यामुळे तेही वेगळं विचारा. बाजारात सुमान (पानात गुंडाळलेला चिकट भात) आणि पनुत्सा मिळतं, पनुत्सा म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्कीच समजा, आणि वर कडक बराको कॉफी. मांस-मासे खाणाऱ्यांनी आडोबो सा दिलाव सोडू नये, आडोबो म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेलं मांस, आणि हा सोया सॉसऐवजी हळद घातलेला आहे. ताविलिस पण खा, हा छोटा मासा फक्त ताल तलावातच मिळतो.

खरेदीत सगळ्यात जास्त फसवणूक भरतकामात. इथलं हाताचं भरतकाम प्रसिद्ध आहे, बारोंगसाठी, म्हणजे तिथल्या पारंपरिक शर्टासाठी, अननसाच्या धाग्याच्या कापडावर करतात, पण दुकानात मशीनचंही असतं. कापड उलटं करून मागची बाजू बघा, मशीनचे टाके एकसारखे दिसतात. कालादो काम असेल तर कापडातले धागे ओढून काढून जाळी केलेली असते, भिंग लावल्यासारखं जवळून बघा, एवढी मेहनत आहे म्हटल्यावर घासाघीस करू नका प्लीज.

बालिसोंग, म्हणजे इथला घडीचा सुरा, आठवण म्हणून घ्यायचा मोह होतो. पण खिशात घेऊन फिरणं तिथल्या कायद्यात बसत नाही आणि केबिन बॅगेत तर अजिबात चालत नाही, त्यामुळे दुकानात बघा आणि तिथेच ठेवा.

जाताना लेमेरीची बस पकडा आणि कंडक्टरला तालला उतरायचंय हे चढतानाच सांगा, नाहीतर पुढच्या गावात पोचाल. शेवटची बस किती वाजता हे उतरल्या उतरल्या विचारा, आणि रविवारी संध्याकाळी तर मनिलाच्या दिशेने प्रचंड ट्रॅफिक असतं, रात्रीची फ्लाईट असेल तर हा दिवस निवडूच नका.