ऐनवेळी तिकीट रद्द करताना

कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातला प्रयोग असो की बालेवाडीतली मैफल, पहिला प्रश्न एकच: रद्द कोण करतंय? आयोजकाने कार्यक्रम रद्द केला, तर न दिलेल्या सेवेचे पैसे परत मागता येतात. तारीख बदलली आणि नवी तारीख जमत नसेल, तर लगेच लेखी कळवा. गप्प राहिलात तर नवी तारीख मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं.

तुम्हीच रद्द करत असाल तर बाजू लंगडी. कायद्यात सरसकट परताव्याचा हक्क नाही. बुकिंगच्या वेळी मान्य केलेल्या अटी चालतात. म्हणून आधी अटींचा स्क्रीनशॉट घ्या, मग ॲपमधूनच रद्द करा. फोनवरच्या "बघतो साहेब"ला पुरावा म्हणून किंमत नाही. सुविधा शुल्क, म्हणजे बुकिंगसाठी ॲप वेगळं घेतं ते, बहुधा बुडतंच. तिकीट मित्राला देण्याआधी नावबदल चालतो का, ते पाहा.

हक्काचा परतावा अडला, तर ईमेलवर मुदत घालून मागणी करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तरीही दाद नाही? जिल्हा ग्राहक आयोग. आयोजक मुंबईचा असला तरी पुण्यात राहणाऱ्याला पुण्यात तक्रार करता येते. मुदत २ वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.