मुंबई–लंडन: अंतर आणि विमानाचा वेळ स्वतः कसा काढायचा

मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हा आकडा साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर निघतो, फक्त तो डिग्री मोडवर हवा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. पश्चिम रेखांश उणे धरायचा, म्हणून फरक ७३.३२ अंश.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२५५८. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.१६९०. बेरीज ०.४२४८. तिचा कॉस इन्व्हर्स (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) ६४.८६ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे ७,२१२.

उणे चिन्ह विसरलात तर लंडनला साठेक किलोमीटरच चुकतात, लक्षातही येत नाही. न्यूयॉर्कला तीच चूक केली तर शहर थेट किरगिझस्तानात जाऊन बसतं, मुंबईपासून जेमतेम २,४०० किलोमीटरवर. दुसरी नेहमीची गफलत मिनिटांची: ५१ अंश २८ मिनिटं म्हणजे ५१.४७, ५१.२८ नव्हे.

पण विमान या रेषेवरून जात नाही. ही रेषा कराची, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं बंद केलं. इराण-इराकवर तणाव वाढला की वळसा आणखी मोठा. त्यामुळे ७,६०० ते ७,८०० किलोमीटर धरून चला.

आता वेळ. लांब पल्ल्याचं जेट वारा नसताना ताशी साधारण ९०० किलोमीटर जातं. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्तच जोरात. जाताना सरासरी ५० वजा करा, येताना ५० मिळवा. ७,७०० भागिले ८५० म्हणजे नऊ तास. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरून साडेनऊ. परतीला साडेआठच्या आसपास. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, धावपट्टीकडे रांगेत जाणारी मिनिटं त्यातच येतात, म्हणून तो थोडा जास्त दिसतो.

तिकिटावरच्या वेळा मात्र त्या त्या गावच्या. समजा, मुंबईहून दुपारी १:०० ला निघून लंडनला संध्याकाळी ६:१५. वजाबाकी सव्वापाच तास. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असतं, म्हणून त्यात साडेचार मिळवा, प्रवास पावणेदहा तासांचा. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा असतो. ब्रिटनमधली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या दिवशी कोणी आणायला येणार असेल तर त्यांना लंडनचीच वेळ कळवा. परतीला उलट: रात्री ९:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११:०० हे साडेतेरा तास, वजा साडेचार, म्हणजे नऊ. पोचण्याच्या वेळेपुढचं छोटं ‘+१’ (म्हणजे दुसऱ्या दिवशी पोचणार) पाहिल्याशिवाय पुढची गाडी बुक करू नका.