पिट्सबर्गच्या विमानतळावरून मुक्कामी कसं पोहोचायचं

पिट्सबर्गला पहिल्यांदा येणारी जी मराठी माणसं मला भेटतात, त्यातली बरीचशी एक तर कार्नेगी मेलन किंवा पिट (युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग) विद्यापीठात शिकायला आलेली असतात, नाहीतर इथे नोकरी करणाऱ्या मुलांकडे राहायला. दोघांचाही पहिला प्रश्न ठरलेला: विमानतळावरून पुढे काय? विमानतळ डाउनटाउनच्या पश्चिमेला साधारण २९ किलोमीटरवर आहे आणि तिथवर लोकल किंवा मेट्रो जात नाही. त्यामुळे निर्णय विमानात बसायच्या आधीच घेतलेला बरा. चोवीस तासांच्या प्रवासानंतर डोकं चालत नाही.

आधी पत्ता नीट समजून घ्या

'पिट्सबर्गला जायचंय' एवढ्याने भागत नाही. मुलाला किंवा घरमालकाला वस्तीचं नाव विचारा. ओकलंड, शेडीसाइड, स्क्विरल हिल हे शहरातले भाग आहेत आणि तिथे बस चांगली आहे. मनरोव्हिल पूर्वेला, क्रॅनबेरी उत्तरेला, आणि दोन्ही स्वतंत्र गावं. क्रॅनबेरीत भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत, पण शहराची बस तिथपर्यंत जातच नाही. तिथे जायचं तर मोटारीला पर्याय नाही.

नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका. हे शहर तीन नद्या आणि असंख्य टेकड्यांवर वसलेलं आहे. समोर दिसणारं घर गाठायला कधी पूल ओलांडून, बोगद्यातून वळसा घालून जावं लागतं. 'एक किलोमीटर तर आहे, चालत जाऊ' असं म्हणून दोन बॅगा घेऊन चढावर निघालात तर पस्तावाल.

घरून निघण्यापूर्वी तीन कामं

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर ते मुळात बंद असतात. भारतातलं सिम रोमिंगवर सुरू ठेवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार. आणि तिसरं, ज्याचा विसर सगळ्यांना पडतो: एक-एक डॉलरच्या काही नोटा आणि पंचवीस सेंटची चार-सहा नाणी जवळ ठेवा. पैसे बदलून घेताना शंभराच्या नोटा मिळतात आणि बसमध्ये त्यांचा काहीही उपयोग नसतो. नाणी इकडे आल्यावर, पहिल्या विमानतळावर चहा-कॉफी घेताना सुट्ट्या पैशांत मिळवता येतात.

भारतातून येताना बहुधा नेवार्क, शिकागो किंवा वॉशिंग्टनसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. तिथे सामान पट्ट्यावरून घेऊन, कस्टम्स ओलांडून पुन्हा द्यावं लागतं. तिकिटावर 'पिट्सबर्गपर्यंत' लिहिलं असलं तरी बॅग आपोआप पुढे जाईल असं समजू नका. एकदा हे पार पडलं की पिट्सबर्गला तुम्ही देशांतर्गत प्रवासी म्हणून उतरता. तिथे रांग नाही, चौकशी नाही. सामान घ्या आणि बाहेर पडा.

बस: २८एक्स

ओकलंड किंवा डाउनटाउनला जायचं असेल, दिवसाउजेडी पोहोचत असाल आणि तुमचं सामान तुम्हाला एकट्याने उचलता येत असेल, तर डोळे झाकून हीच बस घ्या. तिचं नाव एअरपोर्ट फ्लायर. विमानतळावरून रॉबिन्सनच्या दुकानांच्या भागातून डाउनटाउन आणि तिथून पुढे थेट ओकलंड. दोन्ही विद्यापीठं याच वाटेवर. डाउनटाउनला पाऊण तास, ओकलंडला तासभर धरा. वाहतूक तुंबली तर थोडं जास्त. भाडं २ डॉलर ७५ सेंट, म्हणजे शहरातल्या कुठल्याही साध्या बसइतकंच. टॅक्सीच्या खर्चाच्या तुलनेत हे काहीच नाही.

१. सामान घेतल्यावर 'बस'च्या पाट्या बघत बाहेर या आणि पाटीवर २८एक्स लिहिलेला थांबा शोधा. बस साधारण अर्ध्या तासाने असते, पण वेळापत्रक बदलतं, म्हणून निघायच्या आधी शहराची बससेवा चालवणाऱ्या पिट्सबर्ग रीजनल ट्रान्झिटच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

२. पुढच्या दाराने चढा. चालकाशेजारच्या यंत्रात अगदी नेमके पैसे टाका: दोन नोटा, तीन नाणी. सुटे परत मिळत नाहीत आणि इथे कंडक्टर नसतो. रोख नको असेल तर रेडी२राइड ॲपवर आधीच तिकीट काढून ठेवा.

३. पुढे दुसरी बस बदलायची असेल तर रोख देऊ नका. रोख भाड्यावर बदलीची सवलत मिळत नाही. कनेक्टकार्ड (पैसे भरून वापरायचं बसचं कार्ड) किंवा ॲप वापरलं तर तीन तासांच्या आत दुसऱ्या बसचे वेगळे पैसे पडत नाहीत.

४. तुमचा थांबा आला की खिडकीजवळची दोरी ओढा. उतरताना इथले लोक चालकाला मोठ्याने 'थँक यू' म्हणतात. तुम्हीही म्हणा, मला ही पद्धत फार आवडते.

विद्यार्थ्यांनो, विद्यापीठाचं ओळखपत्र हातात पडलं की या दोन्ही विद्यापीठांच्या मुलांना बस वेगळे पैसे न देता वापरता येते. फक्त पहिल्या दिवशी ते ओळखपत्र तुमच्याकडे नसतं, म्हणून वरची सुटी नाणी.

उबर, लिफ्ट, टॅक्सी

आईवडील सत्तरीला टेकलेले असतील, मध्यरात्र असेल किंवा माणशी दोन मोठ्या बॅगा असतील, तर बसचा हट्ट धरू नका. माझ्या आईबाबांना पहिल्या खेपेला मी हौसेने बसने आणलं. दोघं काही बोलले नाहीत, पण ओकलंडच्या थांब्यावरून घरापर्यंतचा तो चढ त्यांना किती जड गेला हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पुढच्या खेपेपासून त्यांच्यासाठी मोटारच.

उबर आणि लिफ्ट (उबरसारखीच इथली गाडी बोलावण्याची सेवा) ही दोन्ही ॲप भारतातच उतरवून कार्ड जोडून ठेवा. विमानतळावर मोफत वायफाय आहे, पण गाडीपाशी पोहोचेपर्यंत ते टिकेलच असं नाही. गाडी बोलावल्यावर तिचा नंबर आणि रंग टिपून ठेवा. चौघंजण मोठ्या सामानासह असाल तर साधी गाडी मागवू नका, मोठी मागवा. भाडं मागणीप्रमाणे वरखाली होतं, म्हणून दोन्ही ॲप उघडून बघा. बरोबर लहान मूल असेल तर त्याच्या सीटचा विचार आधी करा: पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने ४ वर्षांखालच्या मुलाला बाळ-आसन आणि पुढे ८ वर्षांपर्यंत बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतं. बोलावलेल्या गाडीत ते असेलच असं धरून चालू नका.

भाड्याची गाडी

पहिल्याच दिवशी घेऊ नका, एवढंच माझं सांगणं. गाडी उजवीकडून चालवायची, रस्ते अनोळखी, वर झोप अपुरी. भारतातला परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय परवानाही सोबत आणा. वय पंचविशीच्या आत असेल तर कंपन्या बहुधा जादा पैसे लावतात.

दोन स्थानिक गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. सिग्नल हिरवा होताच समोरची डावीकडे वळणारी पहिली गाडी तुमच्या आधी वळून जाते, तिला 'पिट्सबर्ग लेफ्ट' म्हणतात. कायद्यात असं काही नाही, पण रूढी आहे. म्हणून हिरवा दिसला की झटकन सुटू नका. दुसरी, रस्त्याकडेला मोकळ्या जागेत एखादी खुर्ची ठेवलेली दिसली तर ती हलवू नका. शेजाऱ्याने आपल्या गाडीसाठी ती जागा धरलेली असते.

फोर्ट पिट बोगद्यातून बाहेर पडताक्षणी तिन्ही नद्या आणि उंच इमारती एकदम समोर येतात. ते दृश्य डोळे भरून बघायचं असेल तर चालवणारा दुसरा कुणी असावा.

रेल्वेने किंवा लांबच्या बसने आलात तर

न्यूयॉर्कहून दिवसाला एक गाडी येते, पेनसिल्व्हेनियन. नऊ-साडेनऊ तास लागतात, पण अल्टूनाजवळ १८५४ साली खुलं झालेलं घोड्याच्या नालेसारखं वळण त्यासाठी पुरेसं कारण आहे. स्टेशन डाउनटाउनच्या टोकाला असून शेजारीच पूर्वेकडच्या बसवेचा, म्हणजे फक्त बससाठीच्या रस्त्याचा, थांबा आहे. तिथून पी१ बस शेडीसाइड आणि ईस्ट लिबर्टीकडे स्वतंत्र रस्त्याने जाते, वाहतूक तिला अडवत नाही.

डाउनटाउनमध्ये 'टी' नावाची छोटी रेल्वे आहे. डाउनटाउन ते नॉर्थ शोअर या पट्ट्यात ती मोफत आहे. पण ती ओकलंडला जात नाही आणि विमानतळालाही जात नाही, त्यामुळे नकाशावर रूळ दिसले म्हणून तिच्यावर बेत आखू नका. १८७० पासून माउंट वॉशिंग्टन या टेकडीवर उतरत्या रुळांवरून चढणारी मोनोंगहेला इन्क्लाइन मात्र बसच्याच कार्डावर चालते; सामान घरी टाकून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा.

परतीच्या दिवशी २८एक्सनेच जाणार असाल तर ओकलंडला, म्हणजे सुरुवातीच्या थांब्यांवरच चढा. डिसेंबर आणि मे महिन्यात सत्र संपलं की मुलं बॅगा घेऊन एकदम निघतात आणि डाउनटाउनला पोहोचेपर्यंत बस भरलेली असते.